आमची मायनस एकवीस

शहापूर तालुक्यातून काय काय जातं, याची यादी एकदा सवडीने करावी. रेल्वे १८६१ सालीच कसाऱ्यापर्यंत पोचली. तेव्हापासून दूरदूरच्या पाट्या लावलेल्या गाड्या आसनगावच्या फलाटावरची धूळ उडवत जात आहेत. मुंबई-नाशिक महामार्ग जातो. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटपर्यंत खुला झाला, तोही आमच्याच डोंगरांतून जातो. विजेचे मनोरे जातात. तानसाचं पाणी १८९२ पासून जातंय, भातसाचं नंतर जायला लागलं. धरणं आमची, नळ मुंबईचे, आणि एप्रिल उजाडला की आमच्या पाड्यांवर टँकर. जाण्याच्या बाबतीत आमचा तालुका कोणाला हार जाणार नाही. थांबायचं तेवढं कोणी मनावर घेत नाही.

शेजारच्या मुरबाडचं दुःख वेगळं. तिथून रेल्वे जातच नाही, त्यामुळे ती थांबत नाही अशी तक्रार करण्याचं सुखही त्यांना नाही. मुरबाडची रेल्वे प्रत्येक निवडणुकीत कल्याणहून सुटते. अजून पोचायची आहे.

या जाणाऱ्यांच्या गर्दीत आता प्रकाशही सामील झाला आहे. रस्त्याच्या कडेला चर खणून आधी रंगीत प्लास्टिकचे पाइप पुरले गेले, मग त्यांतून केबल फुंकली गेली. हो, खरोखरच फुंकतात. कॉम्प्रेसर लावून हवेच्या जोरावर लांबच्या लांब केबल पाइपातून पुढे ढकलतात. आणि त्या केबलच्या पोटातल्या केसाएवढ्या काचेच्या तारांमधून मुंबई नाशिकशी बोलायला लागली. कसारा लोकल मुंबईला पोचायला अडीच तास घेते. हा प्रकाश तेच अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत कापतो, आणि कल्याणच्या अलीकडे सिग्नलला उभा राहत नाही.

मात्र राजधानी एक्स्प्रेसला आसनगावला उतरवून घेता येत नाही, प्रकाशाला येतं. त्यासाठी निवेदन नको, मोर्चा नको, खासदारांचं पत्र नको. लागते फक्त एक हिरवी पिन.

कागदोपत्री तिचं नाव ‘एससी एपीसी कनेक्टर’, पण शहापूरच्या बाजारपेठेपासून टोकावड्यापर्यंत ती ‘हिरवी पिन’च. दिसायला चौकोनी, ढकलली की टक् आवाज करून बसते, ओढली की निमूट बाहेर येते. जपानच्या एनटीटी या टेलिफोन कंपनीने ही घडण काढली, आणि ज्या घरात भिंतीतला खिळासुद्धा धड बसत नाही त्या घरातही ती पहिल्या प्रयत्नात बसते, हे जपानी लोकांचं मोठेपण. तिच्या तोंडाशी अडीच मिलिमीटर जाडीचा, चिनी मातीच्या जातीचा पांढराशुभ्र दांडा असतो. दांड्याच्या मधोमध बारीक भोक, भोकात काच, आणि काचेच्याही मधोमध प्रकाशाची वाट. ती वाट किती रुंद? नऊ मायक्रॉन. म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी. आमच्या गावातल्या शेतरस्त्यांवर दोन फुटांसाठी पिढ्यान्‌पिढ्या दावे चाललेत. नऊ मायक्रॉनच्या वाटेवर अजून कोणी हरकत घेतलेली नाही, ती बहुधा दिसत नाही म्हणूनच.

हिरवी पिन आहे तशी निळीही आहे. रंगावरून भांडायची आपल्याकडे जुनी हौस, पण इथलं भांडण खरं तर कोनाचं आहे. निळीचं टोक सरळ घासलेलं, हिरवीचं आठ अंशांत तिरकं. काचेला काच टेकली की थोडा प्रकाश आल्या वाटेने परत फिरतो. निळ्या पिनेवरून लाखातला एखादा हिस्सा परततो, हिरवीवरून दहा लाखांतला एखादा, कारण तिरक्या टोकावरून परतणारा प्रकाश वाट सोडून बाजूला जातो. एवढ्याशा फरकासाठी कोणी आठ अंश घासत बसेल का? बसतात. कारण त्याच काचेतून कधीकधी टीव्हीची वाहिनीही येते, आणि स्वतःचंच बोलणं उलट कानावर पडलं की लेझर बिचकतो. ग्रामसभेत माईकने शिट्टी मारली की सरपंच बिचकतात, त्याच्या मुळाशीही हेच परत येणं असतं.

फायबरच्या जगात आणखी एक विचित्र रीत आहे. विजेच्या प्लगला सॉकेट असतं, नळाच्या आट्याला आटा असतो. इथे दोन्ही बाजूंनी पिनाच येतात. म्हणजे लग्नाला दोन्हीकडून नवरदेवच घोड्यावर बसून हजर. मग मधे मध्यस्थ लागतो. त्याचं शास्त्रातलं नाव अडॅप्टर, आमच्या पोरांच्या तोंडी कपलर. त्याच्या पोटात एक उभी चिरलेली नळी असते. ती दोन्ही दांड्यांना कवेत घेऊन समोरासमोर, अगदी एका रेषेत आणते. मध्यस्थ स्वतः प्रकाश देत नाही, घेत नाही, बिचाऱ्याला विजेची जोडणीसुद्धा नसते. पण संबंध बिघडला की पहिला संशय त्याच्यावर. आणि हिरवा-निळा असा विजोड संबंध आला तर तो नाही म्हणत नाही, हीच खरी गोम. दोन्ही पिना आकाराने सारख्या. बसतात. टक् आवाजही येतो. आत मात्र सरळ टोक आणि तिरकं टोक यांच्यात हवेची फट राहते, प्रकाश त्या फटीत सांडतो, आणि घरातली मंडळी “सगळं तर नीट लावलंय” म्हणत मोबाइल खिडकीबाहेर धरून उभी राहतात.

या दोन पिनांपलीकडेही जग आहे. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या लोखंडी कपाटांत एफसी नावाचा कनेक्टर भेटतो. गोल, धातूचा, आट्याचा. तो नुसता ढकलून बसत नाही. खाच बघून घालायचा आणि फिरवत फिरवत आवळायचा. वेळ लागतो, पण एकदा बसला की हादऱ्यांनी हलत नाही. असा स्वभाव सरकारी नोकरीत निवृत्तीपर्यंत टिकतो, तसाच हाही मोजमापाच्या यंत्रांवर टिकून आहे. त्याचा चुलता एसटी. आमच्याकडे एसटी म्हटलं की लोक आधी मुरबाड डेपोचं वेळापत्रक सांगायला लागतात, म्हणून हा विषय चहाच्या टपरीवर काढू नये. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीची ही घडण. दाबायचा, थोडा फिरवायचा, अडकला. जुन्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आणि कारखान्यांच्या जाळ्यांत कमी अंतरासाठी तो खूप चालला. आता नव्याने कोणी फारसा लावत नाही.

आणि मग एलसी. ल्यूसेंट कंपनीचं हे धाकटं अपत्य, दांडा निम्म्या जाडीचा, सव्वा मिलिमीटर. टेलिफोनच्या जुन्या प्लगला असायची तशी वर एक छोटी जीभ. ती दाबल्याशिवाय बाहेर येत नाही. कमी जागेत जास्त पिना मावतात म्हणून जिथे जागेचा भाव मोठा तिथे याचं राज्य. आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, ऐरोली-महापे भागात, डेटा सेंटरच्या थंडगार इमारतींत एलसी ओळीने बसलेत. तिथे त्याहून पुढचा एमपीओ नावाचा चपटा कनेक्टरही असतो, ज्यात एका पिनेत बारा काचा शेजारी शेजारी. डोळखांबच्या एका केबलवाल्या पोराला मी हे सांगितलं. तो खांबावर होता. तिथूनच म्हणाला, “काका, इथं एक सांभाळताना नाकात दम आलाय. बाराचं नाव नका काढू.”

त्याचं म्हणणं समजायचं तर सांभाळायचं म्हणजे काय, ते कळायला हवं. १९६६ साली चार्ल्स काव नावाच्या शास्त्रज्ञाने सांगितलं, की काचेतून प्रकाश लांब जात नाही हा काचेचा दोष नाही, काचेतल्या मळाचा आहे. मळ काढा, तो मैलोगणती जाईल. मग जगभर काच इतकी शुद्ध करण्यात आली की आज त्या काचेतून पंधरा किलोमीटर गेल्यावरसुद्धा निम्मा प्रकाश शिल्लक असतो. काव यांना २००९ साली नोबेल मिळालं. आपल्या छत्रपती संभाजीनगरलाही आता कारखान्यात हे फायबर ओढून तयार केलं जातं. अशी ही सोवळ्यातली काच डोंगर-दऱ्या ओलांडून वैशाखऱ्याला एका घरात येते, आणि शेवटच्या अर्ध्या इंचावर तिची गाठ आमच्या काकींशी पडते.

“काकी, पिन कोणी काढली होती?”

“कोणी नाय. मी फक्त पुसली.”

“कशानं?”

“पदरानं. स्वच्छ पदर हाय. कालच धुतलाय.”

पदर स्वच्छ असतो, काकी खोटं बोलत नाहीत. पण नऊ मायक्रॉनच्या वाटेवर सुती धाग्याचा एक तंतू म्हणजे रस्त्यावर आडवं पडलेलं वडाचं झाड. बोट टेकलं तर बोटाचं तेल. तोंडाने फुंकर मारली तर वाफ, आणि काका तंबाखू खात असतील तर आणखी काहीबाही. पुसण्याचं रीतसर साहित्य असतं: तंतू न सोडणारा कागद, शुद्ध अल्कोहोल, किंवा दाबलं की आतली फीत सरकणारं पेनासारखं उपकरण. ते केबलवाल्याच्या पिशवीत असतं, पिशवी गाडीला अडकवलेली असते, गाडी खालच्या आळीत उभी असते. म्हणून तोही शर्टाचं टोक काढतो. वर सांगतो, “काकी, तुम्ही पुसत जाऊ नका हां.”

दसऱ्याला तर कहर होतो. आमच्याकडे राबणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. नांगर, कोयता, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, या रांगेत इंटरनेटचा डबाही बसतो. झेंडूचं फूल डब्यावर ठेवलं तर हरकत नाही. पण हळदीकुंकवाचं बोट श्रद्धेने नेमकं पिनेपाशी टेकतं. हळद कितीही वस्त्रगाळ असली तरी तिचा कण त्या वाटेपेक्षा मोठाच. विजयादशमीला संध्याकाळी डब्यावर लाल बत्ती लुकलुकायला लागते आणि केबलवाल्याला सोनं देण्याऐवजी लोक फोन देतात.

पिनेला धूळ लागू नये म्हणून प्रत्येक पिनेबरोबर प्लास्टिकची इवलीशी टोपी मिळते. पिन काढली की टोपी घालायची, इतकं सोपं. या टोप्यांचं पुढे काय होतं, हा संशोधनाचा विषय आहे. जोडणी झाल्यावर टोपी टीव्हीच्या टेबलावर ठेवली जाते, तिथून ती घरातल्या सर्वांत लहान पोराच्या तोंडात जाते, तिथून आजी ती बोटाने काढते, आणि त्यानंतर तिला कोणी पाहिलेलं नाही.

घरातल्या माणसाने पिनेत डोकावून पाहणं हा आणखी एक सार्वत्रिक छंद. “अंधार दिसतोय, म्हणजे येत नाय,” असा निर्णय देऊन तात्या पिन खाली ठेवतात. या प्रकाशाची जातच अशी की तो डोळ्याला दिसत नाही. पिन भरून वाहत असली तरी तात्यांना अंधारच दिसणार. म्हणूनच तिच्यात डोकावू नये. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळा दुखावला तर त्याला बदली पिन मिळत नाही.

मग प्रकाश येतोय की नाही, हे कळायचं कसं? त्यासाठी पॉवर मीटर असतं, आणि या यंत्राने आमच्या भागातल्या गप्पांना एक नवीन विषय दिला आहे. मीटर आकडा दाखवतं तो मायनसमध्ये. शून्य म्हणजे एक मिलीवॅट. मायनस वीस म्हणजे त्याचा शंभरावा हिस्सा. मायनस सत्तावीस म्हणजे जवळपास पाचशेवा हिस्सा, आणि बहुतेक घरगुती डबे तिथे मान टाकतात. एक घाणेरडी पिन सहज तीन आकडे खाते, म्हणजे अर्धा प्रकाश. आसनगावहून आटगावच्याही पुढे जाईपर्यंत काचेने जेवढा गमावला नसता तेवढा पिनेवरच्या एका डागाने गमावला. हे सगळं लोकांना समजावून सांगायला कोणी आलं नाही. तरी आज कोणत्याही ओट्यावर ऐकू येतं:

“तुमची किती?”

“मायनस एकवीस.”

“बरी हाय. आमची पंचवीस. पाऊस लागला का अठ्ठावीस.”

“मग पिन बदलून घ्या.”

यात एकदा एका तात्यांनी मिशीवर ताव देत सांगितलं, की आमची सव्वीस आहे, सगळ्या आळीत जास्त. कोणी त्यांचा हिरमोड केला नाही. उलट केबलवाल्याच्या दुकानाला लागून ज्यांचं घर, त्यांचं दुखणं ऐकण्यासारखं होतं. त्यांच्याकडे प्रकाश इतका आला की डबा दिपून बंद पडायला लागला. शेवटी प्रकाश कमी करणारी खास पिन विकत आणून बसवावी लागली. ज्या तालुक्यात सगळ्याच गोष्टी कमी पडतात तिथे हा माणूस एक वस्तू जास्त झाली म्हणून पैसे मोजत होता. लोक त्याला मुद्दाम बघायला येत.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल, पण पिनेवर आता गावाचे व्यवहार टांगलेले असतात. मुरबाड तालुक्यातलं धसई हे नोटबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. वडापावच्या गाडीपासून किराणा दुकानापर्यंत कार्डाची यंत्रं आली, अर्थमंत्री येऊन गेले, कॅमेरे येऊन गेले. आता कुठेही जा, गल्ल्यावर क्यूआर कोड चिकटवलेला असतोच. म्हशाच्या यात्रेत बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, पण घोंगडीवाला “फोनवर पाठवा” म्हणतो. आणि २०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींना फायबर पोचवण्याची योजना मंजूर केली, तिचंच पुढे भारतनेट झालं. अडीच लाख पंचायतींचं ते गणित. अडीच लाख पंचायती म्हटल्या की किमान अडीच लाख पिना आल्या, आणि प्रत्येक पिनेपाशी एक तरी पुसणारा माणूस.

तुटलेली काच शोधण्याचा प्रकार मात्र देखणा. केबलवाला लाल लेझरचं पेन एका टोकाला लावतो, आणि जिथे काच तुटली किंवा फार वाकली असेल तिथून लाल उजेड झिरपायला लागतो. हे पेन तीन-चार किलोमीटर सहज चालतं, पण दिवसा नीट दिसत नाही. म्हणून रात्री दोन पोरं मोटारसायकलवरून खांब बघत फिरतात. एकदा सरळगावच्या पुढे बांबूच्या बेटात लाल ठिपका दिसला तेव्हा रस्त्याने येणाऱ्या दोघांनी सायकली तिथेच टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बेटाखाली नारळ आणि लिंबू होतं. केबल तोपर्यंत जोडून झाली होती, त्यामुळे उतारा लागू पडला, असंच गावात धरतात.

तुटण्याची कारणं बारमाही आहेत. उंदीर कुरतडतात. पावसात फांद्या पडतात. ओले कपडे वाळत घालायला ही तार सोयीची वाटते. उन्हाळ्यात वणवा लागतो. तांब्याच्या आशेने कापणारे भुरटे चोर अजून येतात. आतून काच निघालेली पाहून त्यांचं तोंड कसं होत असेल ते बघायला आवडेल. घाईत केबलवाले फास्ट कनेक्टर नावाची तयार पिन लावतात. वितळजोड करणारं महाग यंत्र एकच असतं आणि ते नेहमी दुसऱ्या गावाला गेलेलं असतं, म्हणून. फास्ट कनेक्टर दोन मिनिटांत लागतो. नावाला जागून बिघडतोही लवकर.

पण सगळ्या कारणांचा राजा जेसीबी. शहापूर-मुरबाड-कर्जत रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा बारा रंगांच्या बारा काचा, निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, असा क्रम लावत पोरं खड्ड्यात छत्री धरून बसलेली मी पाहिली आहेत. राखाडी कोणती आणि पांढरी कोणती यावर बॅटरीच्या उजेडात दोघांचं जोरात वाजलं होतं. शेवटी आमच्या केबलवाल्याने शहाणपणा केला. जेसीबीच्या ड्रायव्हरच्या घरी फुकट जोडणी दिली, हिरवी पिन स्वतः पुसून लावली, आणि एकच अट घातली: खोदायच्या आधी फोन करायचा.

ड्रायव्हर शब्दाचा पक्का निघाला. तो घरून निघतानाच फोन करतो. घरात मोबाइलला रेंज नाही म्हणून वायफायवरून करतो. गेल्या आठवड्यात त्याने असाच फोन लावला, तो लागला नाही. डब्यावर लाल बत्ती होती. त्याच्या धाकट्या भावाचाही जेसीबी आहे, तो पहाटेच कामाला लागला होता.